क्लिकर वर्गात आले, पण मुलं बोलती कशी होतील?

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात त्या अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतात, वर्गात ११० मुलं आहेत. संस्थेने मागच्या वर्षी क्लिकरचा संच घेतला, म्हणजे बटण दाबून पर्याय निवडायची हातातली छोटी यंत्रं. त्या लिहितात: "पहिले काही दिवस मुलांना मजा वाटली. आता मी प्रश्न टाकते, मुलं बटण दाबतात, पडद्यावर आलेख येतो, मी बरोबर उत्तर समजावते आणि पुढे जाते. परीक्षेत फरक दिसत नाही. एकदा आपसात चर्चा करा म्हटलं तर नुसता गोंगाट झाला, आणि हुशार मुलाने सांगितलेलं उत्तर सगळ्या बाकांवर पोचलं. शिवाय पोर्शन मागे पडतोय. हे चालू ठेवू की सोडून देऊ?"

मॅडम, चालू ठेवा, पण क्रम बदला. तुमच्या वर्गात मत एकदाच घेतलं जातं आणि त्याच्या पाठोपाठ उत्तर येतं. म्हणजे क्लिकर फक्त हजेरी घेतल्यासारखं उत्तर गोळा करतो. मुलं शिकतात ती पहिलं मत आणि दुसरं मत यांच्या मधल्या तीन-चार मिनिटांत, शेजाऱ्याला आपलं म्हणणं पटवून देताना. ती मिनिटं कधी द्यायची आणि कधी द्यायची नाहीत, एवढंच यंत्राने सांगायचं असतं. माझ्या मते त्याचा दुसरा मोठा उपयोग नाही.

ही पद्धत कुठून आली ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. एरिक माझुर हे हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. व्याख्यानं उत्तम, विद्यार्थ्यांचे अभिप्रायही उत्तम. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातले हलून आणि हेस्टेनेस यांनी १९८५ मध्ये बल आणि गती यांविषयीच्या साध्या समजुती तपासणारी एक चाचणी प्रसिद्ध केली होती. आकडेमोड नाही, सूत्रं नाहीत, रोजच्या व्यवहारातले प्रश्न. माझुर यांनी ती आपल्या वर्गाला दिली तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलं तशी लिहू, की मला खरंच जे वाटतं तशी लिहू? हा प्रश्न आपल्या प्रत्येक वर्गात बसलेला असतो, फक्त कुणी तो मोठ्याने विचारत नाही. पुढे त्यांना दिसलं, की किर्चहॉफचे नियम लावून विजेचे किचकट परिपथ सोडवणारी मुलं तीन बल्बच्या साध्या परिपथात कुठला बल्ब जास्त उजळेल हे सांगताना गडबडतात. अशाच एका प्रश्नावर समजावून समजावून थकल्यावर त्यांनी मुलांना सांगितलं, शेजाऱ्याशी बोला. सभागृहात एकच कालवा झाला आणि काही मिनिटांत बहुतेकांनी उत्तर काढलं. १९९१ पासून त्यांनी पूर्ण अभ्यासक्रमच या पद्धतीवर बसवला.

असं का होतं? ज्या मुलाला एखादी गोष्ट पाच मिनिटांपूर्वी कळली, त्याला आपण कुठे अडलो होतो ते अजून आठवत असतं. आपल्याला ती गोष्ट कळून वीस वर्षं झालेली असतात, ती अडचण आपल्याला दिसतच नाही. शेजारचं मूल ती अडचण नेमकी ओळखतं आणि त्याच्याच भाषेत उत्तर देतं.

हे सगळं सुरू झालं ते यंत्राशिवाय. आधी हात वर, मग रंगीत पत्ते, नंतर इलेक्ट्रॉनिक उपकरणं. मॉन्ट्रियलमधले नॅथॅनिएल लॅस्री यांनी २००८ मध्ये एका गटाला क्लिकर आणि दुसऱ्याला पत्ते देऊन तुलना केली. पद्धत तीच ठेवल्यावर शिकण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. तेव्हा शेजारच्या महाविद्यालयात क्लिकर नाहीत म्हणून तिथल्या शिक्षकांनी थांबू नये, आणि तुमच्याकडे आहेत म्हणून काम झालं असंही समजू नये.

आता तुमची खरी शंका: हुशार मुलाचं उत्तर सगळ्यांकडे पोचतं, मग दुसऱ्या मतात आकडा वाढला तरी शिकलं कोण? कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांना हीच शंका होती. त्यांचा जनुकशास्त्राचा मोठा वर्ग होता. त्यांनी एक प्रश्न दिला, एकेकट्याचं मत घेतलं, चर्चा घडवली, पुन्हा मत घेतलं. पण बरोबर उत्तर सांगितलं नाही, आलेखही दाखवला नाही. लगेच त्याच संकल्पनेवरचा, पण वरून वेगळा दिसणारा दुसरा प्रश्न दिला आणि तो प्रत्येकाने एकट्याने सोडवायचा होता. पहिल्या मतात सरासरी ५२ टक्के बरोबर होते, चर्चेनंतर ६८, आणि नव्या प्रश्नावर ७३. नुसती नक्कल झाली असती तर नव्या प्रश्नावर आकडा खाली आला असता. त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट पुढे आहे. पहिल्या प्रश्नाला दोन्ही वेळा चुकलेल्यांपैकीही ४४ टक्के मुलांना नवा प्रश्न बरोबर आला. म्हणजे चर्चेत उत्तर मिळालं नसलं तरी विचार पुढे सरकला होता. अवघड प्रश्नांच्या आकड्यांवरून त्यांना असंही दिसलं, की गटात कुणालाच उत्तर येत नसलं तरी बोलता बोलता मुलं उत्तरापर्यंत पोचतात. हा निबंध २००९ मध्ये 'सायन्स' मध्ये आला. तुमच्या प्राचार्यांना किंवा सहकाऱ्यांना शंका असेल तर एवढी एक गोष्ट त्यांना जरूर सांगा.

आता एक प्रश्न वर्गात पूर्णपणे कसा चालवायचा ते सांगतो. अकरावीत उष्णतेने होणारं प्रसरण शिकवताना मी हा घेतो. लोखंडाच्या पत्र्याला मधोमध गोल भोक आहे, सगळा पत्रा सारखा तापवला, तर भोक मोठं होईल, लहान होईल, तेवढंच राहील, की ते पत्र्याच्या जाडीवर ठरेल?

प्रश्न फळ्यावर लिहायचा, एकदा वाचायचा आणि गप्प बसायचं. एक-दीड मिनिट पूर्ण शांतता. मुलांनी उत्तर आणि एका ओळीत कारण वहीत लिहायचं. ही ओळ सक्तीची ठेवा. लिहिलेलं कारण नसेल तर मूल चर्चेत रिकाम्या हाताने जातं आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकतं. तुमच्या वर्गात एकाचं उत्तर सगळीकडे पसरलं त्याचं मूळ बहुधा इथेच आहे. मग मत घ्यायचं. आलेख तुम्ही पाहायचा, मुलांना दाखवायचा नाही, आणि बरोबर काय हे चेहऱ्यावरही येऊ द्यायचं नाही.

पडदा बंद ठेवण्याचं कारण साधं आहे. बहुसंख्यांचा खांब दिसला की चर्चा संपते. विस्कॉन्सिनमधल्या जीवशास्त्राच्या वर्गांवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आलेख पाहिलेली मुलं सगळ्यात जास्त मतं मिळालेल्या पर्यायाकडे वळण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी जास्त निघालं. काही यंत्रांबरोबर येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आलेख आपोआप उघडतो. तो बंद करायची सोय सेटिंगमध्ये शोधून ठेवा. नाहीच सापडली तर मत घेताना प्रोजेक्टर झाका.

आकडा पाहून तुम्ही ठरवायचं. साधारण ३५ ते ७० टक्के बरोबर असतील तर चर्चेला द्या, माझुर यांच्या गटानेही हीच मर्यादा सुचवली आहे. त्याहून कमी असतील तर चर्चेला पुरेसं भांडवलच वर्गात नाही. एखादी खूण द्या, थोडं शिकवा, पुन्हा विचारा. ७० च्या वर असतील तर कारण दोन वाक्यांत सांगा आणि पुढे चला. वाचलेला वेळ अवघड प्रश्नाला लागतो. भोकाच्या प्रश्नावर मतं जवळजवळ नेहमी फाटतात. धातू सगळीकडे फुगतो, मग आतल्या बाजूलाही फुगेल आणि भोक बुजेल, हा विचार मुलांना फार भावतो.

आता चर्चा. "चर्चा करा" एवढंच म्हणू नका. त्या दोन शब्दांनी गोंगाटच होतो, कारण काय करायचं हे मुलांना कळत नाही. मी असं सांगतो: "ज्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे असा जवळचा एक जण शोधा. त्याला तुमचं कारण सांगा. त्याचं कारण ऐका. कुणाचं पटतंय ते ठरवा. तीन मिनिटं." आणि मी बाकांमधून फिरतो. फिरायचं ते दटावायला नाही, ऐकायला. कुणी "सर, बरोबर ना?" विचारलं तर "शेजारणीला पटलं का?" एवढंच विचारायचं. या फिरण्यात जे ऐकू येतं ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. अमुक गोष्ट मुलं अशा पद्धतीने समजून घेतात, हे मला सगळ्यात जास्त याच मिनिटांनी शिकवलं.

भोकाच्या प्रश्नावर कुठल्यातरी बाकावर कुणीतरी बैलगाडीच्या चाकावरच्या धावेपर्यंत पोचतं. घरी गाडी असलेली मुलं आता कमी झाली, पण आजोबांकडून ऐकलेलं असतं, की लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना ती चाकापेक्षा जराशी लहान करतात, शेण्यांच्या आरात लालबुंद तापवतात, चाकावर बसवतात आणि पाणी ओततात. तापल्यावर आतलं तोंड मोठं झालं नसतं तर धाव चढलीच नसती. हे मुलाच्या तोंडून आलं की वर्ग ज्या तऱ्हेने ऐकतो तसा माझ्या तोंडून आलं तर ऐकत नाही. आणि ज्या वर्गात ते येत नाही तिथे दुसरं कुणीतरी म्हणतं, की भोकाच्या जागची चकती कापली नाही असं समजा, ती आणि पत्रा दोन्ही तापवा, चकती मोठी होईल, मग तिची जागाही मोठी व्हायलाच हवी. दोन्ही युक्तिवाद मुलांचे आहेत, मी फक्त ते वर्गापुढे आणतो.

मग दुसरं मत, आणि आता आलेख दाखवा. पहिला आणि दुसरा शेजारी शेजारी. त्यानंतर "बरोबर उत्तर अमुक" असं म्हणण्याआधी दोन-तीन मुलांना कारण विचारा. "तुझं उत्तर काय" असं न विचारता "ज्यांनी लहान होईल म्हटलं त्यांनी काय विचार केला असेल?" असं विचारा. मग चुकलेलं मूल उघडं पडत नाही आणि चुकीच्या विचाराची तपासणीही होते. शेवटी तुम्ही नीट समजावा: भोकाच्या कडेवर अणू शेजारी शेजारी आहेत, तापल्यावर शेजाऱ्यांमधलं अंतर वाढणार, आणि भोक लहान व्हायचं तर त्याच अणूंना जवळ यावं लागेल. ही पायरी गाळू नका. स्मिथ यांच्याच गटाने नंतर दाखवलं, की नुसती चर्चा किंवा नुसतं शिक्षकाचं स्पष्टीकरण यापेक्षा चर्चा अधिक स्पष्टीकरण सरस ठरतं. चर्चा म्हणजे शिक्षकाने हात झटकणं, हा गैरसमज आपल्याकडे फार आहे.

लगेच जोडप्रश्न द्या. काचेच्या बरणीचं धातूचं झाकण घट्ट बसलंय, त्यावर गरम पाणी ओतलं तर ते सैल होईल का, आणि का? हा एकट्याने, चर्चा नाही. इथे काच आणि धातू यांच्या प्रसरणातला फरक येतो, म्हणजे पायरी किंचित वरची आहे. इथला आकडा तुम्हाला खरं काय ते सांगेल.

एवढ्या सगळ्याला दहा-बारा मिनिटं लागतात. अट्ठेचाळीस मिनिटांच्या तासिकेत असे दोन प्रश्न पुरेत. तीन घेतले तर धावपळ होते.

पण हे सगळं प्रश्नावर उभं आहे. प्रश्न भिकार असेल तर उत्तम यंत्र आणि उत्तम चर्चा काही करू शकत नाही. बलाचं एकक काय, हा चर्चेचा प्रश्न नाही. ज्याला आठवतं तो सांगतो, विषय संपतो. आकडे टाकून उत्तर काढायचा प्रश्नही नाही, तिथे मुलं एकमेकांची आकडेमोड उतरवतात. चर्चेला लागतो असा प्रश्न, की दोन समंजस मुलं दोन वेगळ्या उत्तरांवर प्रामाणिकपणे ठाम राहू शकतील. वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूला असताना त्याचं त्वरण किती? "तिथे तो थांबतो म्हणून शून्य" म्हणणारी मुलं बारावीतही भेटतात, पदवीलाही भेटतात. कॅरमच्या स्ट्रायकरने सोंगटीला मारलं, जास्त बल कुणी कुणावर लावलं? या प्रश्नाला पुस्तकांत बहुधा मोठ्या आणि लहान गाडीची टक्कर असते. मी ती घेत नाही, रस्त्यावरच्या अपघातात घरचं माणूस गेलेलं मूल वर्गात असू शकतं. कॅरम वसतिगृहातल्या प्रत्येकाने खेळलेला असतो. सोंगटी लांब उडते म्हणून तिच्यावर जास्त बल, हे इतकं उघड वाटतं, की न्यूटनचा तिसरा नियम शब्दशः पाठ असलेली मुलंही तेच म्हणतात.

बल्बचा प्रश्नही तुम्हाला देतो, प्रयोगशाळेतल्या वस्तूंत होतो. सारखे तीन बल्ब एका ओळीत बॅटरीला जोडले, तिसऱ्याच्या दोन टोकांमध्ये एक स्विच जोडला. स्विच दाबला तर पहिल्या दोन बल्बांचं काय होईल? काही मुलं म्हणतात, काहीच नाही, कारण वीज त्यांच्यातून आधीच जाऊन आलेली आहे. वीज बॅटरीतून निघून एकेक बल्ब गाठत जाते हे चित्र त्यांच्या मनात असतं. खरं म्हणजे तिसरा विझतो, रोध कमी होतो, धारा वाढते आणि पहिले दोन्ही जास्त उजळतात. इथे चर्चेनंतर लगेच प्रात्यक्षिक करा. पण मत घेतल्याशिवाय प्रात्यक्षिक दाखवू नका. हार्वर्डमध्ये २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नुसतं प्रात्यक्षिक पाहिलेली मुलं न पाहिलेल्यांपेक्षा फारशी पुढे नव्हती. आधी अंदाज सांगून मग पाहिलेली मुलं मात्र पुढे होती.

चुकीचे पर्याय मनाने रचू नका. मुलांच्या उत्तरपत्रिका, तोंडी परीक्षा आणि जर्नल तपासतानाची संभाषणं ही त्यांची खाण आहे. नवा घटक असेल तर मी आदल्या दिवशी तोच प्रश्न पर्यायांशिवाय विचारून चिठ्ठ्यांवर उत्तरं घेतो आणि त्यांतली सगळ्यात जास्त आलेली चुकीची उत्तरं पर्याय म्हणून वापरतो. मग प्रत्येक पर्यायामागे वर्गातली खरी माणसं उभी असतात.

भाषेबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. तालुक्याच्या ठिकाणी दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी-इंग्रजीत शिकलेली मुलं अकरावीत एकदम इंग्रजीतल्या विज्ञानाला सामोरी जातात. यातली किती मुलं गप्प बसतात ती विषय न कळल्यामुळे नाही, तर वाक्य जुळत नाही म्हणून. चर्चा मराठीत होऊ द्या. "टॉपला व्हेलॉसिटी झिरो आहे, पण ॲक्सिलरेशन झिरो असेल तर तो खाली कशाला येईल?" हे वाक्य भाषेच्या परीक्षकाला धेडगुजरी वाटेल, भौतिकशास्त्र म्हणून ते निर्दोष आहे. प्रश्न फळ्यावर इंग्रजीत लिहा, कारण परीक्षेत तो तसाच येणार, पण वाचताना मराठीत सांगा. ज्यांच्या घरी पावरी, गोरमाटी किंवा दखनी बोलतात त्यांना जोडीदाराशी त्या भाषेत बोलायचं असेल तर तेही चालेल. कारणाची एक ओळ वहीत इंग्रजीत लिहायची, ती मात्र चर्चा झाल्यावर, दुसऱ्यांदा लिहिताना.

गोंगाटाचं म्हणाल तर ११० मुलं बोलली की आवाज होणारच, आणि बाजूच्या वर्गातले सर दारात येणारच. त्यांना आधी सांगून ठेवा. थांबण्याची खूण एकच ठरवा, मी दिवा बंद-चालू करतो. ओरडून थांबवायला लागलं तर घसा जातो आणि पद्धतही. जमिनीला ठोकलेले बाक असतील तर एका बाकावरचे तिघे हाच गट धरा. तिघांचंही उत्तर एकच असेल तेव्हाच मागच्या बाकाकडे वळायचं. मोठे गट करू नका, पाच जणांत दोघे बोलतात आणि तिघे ऐकतात. मुलं आणि मुली वेगवेगळ्या रांगांत बसत असतील तर पहिल्या दिवशी मिसळायचा हट्ट धरू नका. बोलण्याची सवय आधी लागू दे. जोड्या मात्र महिन्याने बदला, नाहीतर तोच एक जण कायम समजावणारा होऊन बसतो.

मुंबईच्या आयआयटीत पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गात आधी एकट्याने विचार, मग जोडीत काम, मग सगळ्या वर्गात मांडणी अशी रचना वापरून निरीक्षण झालं होतं. तिथे सरासरी ८३ टक्के विद्यार्थी त्या कामात गुंतलेले दिसले. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठा वर्ग ही अडचण आहे, पण अडथळा नाही, हे सांगायला आपल्याच राज्यातला हा दाखला हाताशी असू द्या.

क्लिकरच्या उत्तरांना गुण लावू नका. हा मोह संस्थेलाही होतो, कारण आकडे आयते मिळतात. बरोबर उत्तराला जास्त गुण ठेवले तर जोडीतला जाणकार एकटाच बोलतो आणि दुसरा मान डोलावतो, हे मार्क जेम्स यांनी २००६ मध्ये जोड्यांची संभाषणं ध्वनिमुद्रित करून दाखवलं आहे. हजेरीसाठीही तो वापरू नका, एका मुलाच्या खिशात चार मित्रांचे क्लिकर सापडायला वेळ लागत नाही. भाग घेतल्याबद्दल काही द्यायचंच असेल तर बरोबर-चूक न पाहता सर्वांना सारखं द्या.

साधनाबद्दल थोडक्यात. वाटप आणि गोळा करणं यात वेळ जात असेल तर प्रत्येक बाकाची एक पिशवी करा आणि बाकप्रमुखाकडे द्या. बॅटऱ्या सत्राच्या सुरुवातीला एकदम बदला. संच बिघडला तर पद्धत थांबू नये म्हणून अ, ब, क, ड लिहिलेला एक घडीचा कागद प्रत्येकाच्या वहीत असू द्या. सगळ्यांनी एकाच वेळी छातीशी धरायचा, म्हणजे मागच्याला दिसत नाही. लहान वर्ग असेल तर प्लिकर्सची छापील कार्डं फार सोयीची, मुलांकडे काहीच लागत नाही, शिक्षकाच्या एका फोनने सगळी कार्डं वाचली जातात. साठाच्या पुढचा वर्ग मात्र त्यात बसत नाही. वेगाला गुण देणारी कहूटसारखी खेळवजा ॲप उजळणीला ठीक आहेत. विचार करायच्या प्रश्नाला ती मी वापरत नाही, तिथे घाई हाच शत्रू असतो, आणि सीईटीच्या तयारीने मुलांना घाईची सवय आधीच लागलेली असते.

पोर्शन. इथे तडजोड करावी लागते, आणि ती कुठे करायची हे शिक्षकाने धीराने ठरवायचं असतं. माझुर यांनी व्याख्यानातलं पुष्कळसं आधी घरी वाचून यायला लावलं. आपल्याकडे सगळं प्रकरण वाचून या म्हटलं तर कुणी वाचत नाही. दोन पानं सांगा, आणि तास सुरू होताना त्यांवर एक अगदी सोपा प्रश्न विचारा, महिन्याभरात निम्म्याहून जास्त मुलं वाचून येतात. दुसरं म्हणजे नोट्स उतरवून देणं बंद करा. सिद्धतेच्या पायऱ्या आणि व्याख्या यांची झेरॉक्स द्या. फळ्यावरून वहीत उतरवण्यात तासिकेचा किती भाग जातो ते एकदा घड्याळ लावून पाहा. दोन प्रश्नांचा वेळ तिथेच सापडेल. आणि प्रत्येक घटकाला ही पद्धत नको. मापनपद्धती, एककं, उपकरणांची वर्णनं सरळ शिकवा. न्यूटनचे नियम, परिपथ, उष्णता, तरंग इथे प्रश्न घ्या, कारण चुकीच्या समजुती तिथेच घट्ट बसलेल्या असतात.

मुलं तक्रार करतील: "मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात." पालकांकडूनही येईल. हार्वर्डमध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मुलांना सुरेख व्याख्यानानंतर आपण जास्त शिकलो असं वाटलं, आणि चाचणीत मात्र स्वतः झटून प्रश्न सोडवणारी मुलं पुढे निघाली. डोक्याला ताण पडला की शिकणं कमी झालं असं वाटतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात मुलांना हे मोकळेपणाने सांगा, आणि पहिल्या चाचणीनंतर त्यांचे स्वतःचे दोन्ही आलेख दाखवा. मुलं समजून घेतात. आपण त्यांना कारणच सांगत नाही, ही खरी उणीव आहे.

शेवटी, परीक्षेत फरक दिसत नाही असं तुम्ही लिहिलंत. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेतला मोठा भाग पाठांतराने निघतो, तिथे हा फरक उशिरा दिसेल. तो दिसण्यासाठी वेगळी पट्टी लागते. हेस्टेनेस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये तयार केलेली फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी ही बल आणि गती यांविषयीच्या समजुती तपासणारी, आताच्या रूपात ३० प्रश्नांची चाचणी शिक्षकांना विनामूल्य मिळते. यांत्रिकी शिकवण्याआधी एकदा आणि शिकवून झाल्यावर एकदा द्या. आधी वर्गाची सरासरी ४० टक्के आणि नंतर ७० आली, तर वाढायला जागा होती ६० ची आणि वाढले ३०, म्हणजे वाढ ०.५. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतल्या सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे आकडे असेच काढले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी वाढ ०.२३ होती, मुलांना बोलतं-करतं ठेवणाऱ्या वर्गांत ०.४८. तुमचा आकडा पहिल्या वर्षी ०.३ आला तरी मी तो चांगला मानेन. दोन्ही वेळा प्रश्नपत्रिका मोजून परत घ्या, गुण परीक्षेत धरू नका, आणि प्रश्नांची चर्चा वर्गात करू नका, म्हणजे पुढच्या वर्षीच्या तुकडीलाही तीच चाचणी देता येईल. मुलांना ती इंग्रजीत जड जाणार असेल तर प्रत्येक प्रश्न मराठीत वाचून दाखवा, फक्त आधी आणि नंतर सारख्याच पद्धतीने.